पुसायचं नाही, टिपायचं

माझा मुलगा मारुंजीला राहतो. त्याच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांवर आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. मी तिकडे गेलो की त्यांतलं कुणी ना कुणी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर धरतं आणि विचारतं, "अंकल, स्क्रीनवर डाग पडलेत, कशानं पुसू?" आमचे अब्बा टीव्ही मेकॅनिक होते, असं मुलानं कधीतरी सांगून ठेवलं असणार. मी सांगतो, आधी बंद कर. नुसतं बटण नको, वायर काढ. गार होऊ दे. मग जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती फडकं घे, कोरडंच घे, आणि हात हलका ठेव. डाग हट्टी असेल तर फडक्याच्या कोपऱ्याला पाण्याचं बोट लाव. पाणी पडद्यावर मारायचं नाही. पोरं "ओके अंकल" म्हणून मान डोलावतात आणि माझ्यादेखत कागदी रुमालानं खसाखसा घासायला लागतात. मग मी ओरडतो. माझं ओरडणं त्यांना गमतीचं वाटतं.

त्यांचा तरी काय दोष? पडद्यावर डाग दिसला की माणसाचा हात आपोआप जातो. मी उभ्या आयुष्यात टीव्ही जितके दुरुस्त केले, त्याहून जास्त लोकांचे ओले हात अडवले.

पौडच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान होतं. बाहेर पाटी होती, 'रेडिओ व टीव्ही दुरुस्ती'. आधी त्यावर फक्त रेडिओ होता. टीव्ही हा शब्द नंतर पेंटरनं कोपऱ्यात कसाबसा बसवला, त्यामुळे तो जरा तिरका होता. लोक मला मुलाणीभाऊ म्हणत, काही जण मास्तर म्हणत. सत्तरच्या दशकात पुण्याला टीव्ही आला तेव्हा पौडात मोजक्या घरांवर अँटेना होत्या, सगळ्या सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून उभ्या. मधे डोंगर आला की चित्रात मुंग्या. वारा आला की घरातलं एक माणूस छपरावर आणि एक खिडकीत. वरचा ओरडणार, "आलं का?" खालचा ओरडणार, "आलं व्हतं, गेलं!"

त्या वेळचा टीव्ही म्हणजे लाकडी पेटी. पुढं फुगीर जाड काच, तिच्या मागं मोठी नळी, काचेच्या खाली चकचकीत पत्र्याची पट्टी आणि बाजूला बटणं. काचेवर धूळ फार बसायची. चालू टीव्हीच्या काचेवर एक प्रकारची वीज साठते, ती धूळ ओढून घेते. ती वीज निरुपद्रवी. हात जवळ नेला की अंगावरचे केस उभे राहतात, बारीक चटचट आवाज येतो, बस्स. पण पेटीतली वीज तशी नाही. काचेच्या खालच्या फटीतून पाणी आत उतरलं की ते नेमकं बटणापाशी जातं, आणि बटणात घरातला दिव्याचा प्रवाह थेट असतो. शिवाय त्या काळातल्या बऱ्याच टीव्हींचा आतला पत्रा विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असायचा. दोन काड्यांची पिन भिंतीत सुलटी घातली तर पत्रा थंड, उलटी घातली तर पत्र्यात वीज, बटण बंद असलं तरीसुद्धा. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो, पिन काढली का? आणि दुसरा, पाणी लावलं का? पहिल्याला सगळे हो म्हणायचे, दुसऱ्याला सगळे नाही. दोन्ही उत्तरं खोटी असायची.

बायका तांब्या-पितळेसारखी काच राखेनं घासायच्या. कुणी घासलेट लावलं, कुणी चिंच. काच या सगळ्याला पुरून उरायची, पण बटणांवरची अक्षरं उडून जायची आणि मग आवाजाचं बटण कुठलं हे घरातल्या पोरांना तोंडपाठ ठेवावं लागायचं.

आमच्याकडचे एक पैलवान होते. तालमीत चार माणसांना लोळवणारा माणूस, पण टीव्हीवर त्यांचा गाईचा वासरावर असावा तसा जीव. एकदा टीव्ही डोक्यावर घेऊन दुकानात आले आणि खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, ह्याला ताप उतरंना."

"ताप?"

"पिक्चर बघून झाल्यावर हात लावला तर ही भट्टी! मग म्हन्लं आईनं आपल्याला जे केलं त्येच करावं."

मी मागचं झाकण काढलं. आत सगळीकडे पांढरट खार चढलेला. या भल्या माणसानं टीव्हीच्या डोक्यावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या, अगदी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशा, आणि सुकल्या की पुन्हा भिजवून. मीठ आणि पाणी, विजेला याहून आवडता रस्ता नाही. पैलवान वाचले ते त्यांच्या पायातल्या रबरी चपलांमुळे. मी त्यांना म्हटलं, "पैलवान, टीव्ही तापतो तो त्याचा धर्म आहे. तुम्ही नाही का जोर मारल्यावर तापत?" हे त्यांना पटलं. पुढं ते टीव्हीला वारा घालायचे. ते मी चालू दिलं.

हे सगळं हसून सांगण्यासारखं. पण एक काच अशी आली की तिच्याबद्दल मी घरीही बरीच वर्षं बोललो नाही.

उन्हाळा संपत आला होता. दुपारी दुकानात एक बाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, नऊवारी, पायात वहाणा, डोक्यावरचा पदर उन्हानं पांढरा पडलेला. मुळशीच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याच्या काठाकाठानं चालत गेलं की एक वाडी लागते, तिथल्या. नाव हौसा. बाकावर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"टीव्ही बिगाडला न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "चालतुया. पन त्यात वीज येतीया. आन् ती बंद बी करायची हाय आन् चालू बी ठिवायची हाय."

असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळत होतं. मी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि ऐकत राहिलो.

त्यांचे मालक किसन मुंबईत डबे पोचवायच्या कामाला होते. आमच्या मुळशी-मावळातली कितीतरी माणसं त्या कामात. गेल्या दसऱ्याच्या आधी त्यांनी हा टीव्ही घरी आणला, वाडीतला पहिला. खंडेनवमीला घरोघरी कोयते, नांगराचे फाळ, तराजू यांची पूजा होते. किसननं टीव्हीची केली. कुंकू तेलात कालवलं आणि आपल्या हातानं काचेच्या मधोमध मोठं स्वस्तिक काढलं. दसरा झाला, तो मुंबईला गेला आणि तेव्हापासून गायब. दिवाळीला आला नाही, शिमग्याला आला नाही, निरोपही नाही. वाडीतल्या इतर डबेवाल्यांनी एवढंच सांगितलं की त्यानं काम सोडलं, खोली सोडली, कुठं गेला ठाऊक नाही. गावात कुणी काही बोलायचं, कुणी काही. तो जिवंत आहे की नाही, हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

"मग ते स्वस्तिक?" मी विचारलं.

"हाय तसंच हाय. त्यांच्या हातचं हाय ते. पुसायचं कसं?" मग खाली बघत म्हणाल्या, "बातम्या सांगनारा बुवा सुदिक कुंकू लावूनच येतो आमच्यात. पोरं हसत्यात. मला हसू येत न्हाई."

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. घरात सासू. म्हातारी विधवा, त्यामुळे कुंकवाला हात लावायची नाही, पण लेकाच्या हातच्या स्वस्तिकाला रोज सकाळी बोटांनी पाणी शिंपडायची, फूल वाहायची आणि खालच्या पट्टीला हात लावून तो कपाळी न्यायची. एक दिवस हाताला कळ आली. झिणझिणी. म्हातारीनं सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "जिता हाय गं माझा किसन. सांगतोय बघ."

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. कळ आली तर म्हातारी खूश, भाकरी खाणार. नाही आली तर चुलीकडे पाठ करून पडून राहणार, पाण्याचा घोट नाही.

"मला पयलं कळंना, एक दिस येती, एक दिस न्हाई. मंग ध्यानात आलं. झाडताना पिन काढती, परत घालती. उलटी घातली का येती, सुलटी घातली का न्हाई." हौसावहिनींनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तवापासनं मीच उलटी घालती भाऊ. त्यांनी खावं म्हून. पन परवा कळ लई जोरात आली. हात झटाकला त्यांनी. आन् आता पाऊस लागंल. आमची जिमीन सारवल्याली, वल धरती. त्या चिकाटल्या म्हंजी?"

या बाईला वीज कुणी शिकवली नव्हती. तिनं आपल्या भीतीपोटी शिकून घेतली होती. एका बाजूला म्हातारीचा उपास, दुसऱ्या बाजूला विजेचा धक्का, आणि मधे रोज सकाळी हातात पिन धरून उभी असलेली ही सून. मला राग आला, तो नक्की कुणाचा ते कळेना. बहुधा किसनचा असावा. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकानाला कुलूप लावलं.

एसटीनं मुळशीपर्यंत आणि पुढं पायी. धरणाचं पाणी तळाशी गेलेलं, काठाची तांबडी माती उघडी पडलेली. घर लहान, नीटनेटकं. टीव्ही ओट्यावर, त्याला पांढरा भरतकामाचा पडदा. पडदा बाजूला केला आणि मी पाहतच राहिलो. मधोमध स्वस्तिक, तेलात जमलेलं, काळपट लाल. त्याच्यापासून खाली ओघळ गेलेले, पट्टीपर्यंत, पट्टीच्या फटीत. म्हातारीच्या रोजच्या पाण्यानं कुंकू आणि तेल थेंब थेंब आत नेलं होतं.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. काटकुळी, डोळे मात्र चांगले तेज.

"कुनाचा गं हा?"

"पौडचं मुलाणी हायेत. टीव्ही बगाया आलेत."

"बिगाडलाय कुटं तो?"

मी त्यांच्यासमोर बसलो. मला वाटलं, खरं सांगावं. म्हातारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून जास्त झेलतात. मी म्हटलं, "आजी, तुमच्या हाताला जी कळ येते ना, ती किसनची नाही. ती विजेची आहे. पाणी आत गेलंय. कधीतरी जिवावर बेतेल."

म्हातारी मला न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "ईज कुटनं येती रं बाबा?"

"तारेतून."

"त्ये मला बी दिसतंय. आमच्या धरनाची ईज कुटं जाती?"

"मुंबईला."

"आन् माझा पोरगा कुटं हाय?"

मी पिशवीतून पेचकस काढला.

"आमची जिमीन बुडली, समदी ईज तिकडं गेली. आमास्नी दिवा यायला बी किती वरसं लागली. मंग त्याच तारंनं माझ्या पोरानं माझी खुशाली पुसली तर तुला काय इपरीत वाटतंय?"

मी एवढंच म्हटलं की आजी, मला काम करू द्या, टीव्ही कुठं जात नाही.

मी पिन काढली. पेटीचं मागचं झाकण उघडलं, नळीत साठून राहणारी वीज आधी जमिनीत सोडली, कारण ती पिन काढल्यावरही दबा धरून बसलेली असते. आत बटणापाशी तेल, कुंकू आणि ओल यांचा चिखल झाला होता आणि त्यातून वाट काढत वीज पुढच्या पट्टीत उतरत होती. तो खरवडला, स्पिरिटानं धुतला, वाळवला. पट्टी आणि आतला पत्रा यांच्या मधे रबराचा तुकडा बसवला. आता पिन कशीही घातली तरी पट्टीला वीज लागणार नव्हती.

राहिली काच. ती तशीच ठेवून चालणार नव्हतं. स्वस्तिक आहे तोवर पाणी शिंपडलं जाणार, आणि पाणी शिंपडलं जाणार तोवर माझ्या रबराच्या तुकड्यावर मी भरवसा ठेवणार नव्हतो.

"वहिनी, हे काढावं लागेल," मी म्हटलं.

हौसावहिनी एक पाऊल मागं सरल्या. म्हातारीनं आपले हात पदरात घेतले. ते स्वस्तिक पुसायचं कुणी? सुनेनं पुसलं तर ती आपल्या हातानं नवऱ्याचं कुंकू पुसल्यासारखं. सासू विधवा, तिनं हात लावायचाच नाही. आमच्या मराठीत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत, मालवला म्हणतात. कुंकू पुसलं हे तर वैऱ्यालाही म्हणत नाहीत.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "तुमी पुसा मुलाणी. तुमच्यात न्हाई ना त्याचं काय."

तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तिला अगदी सोपी वाट सापडली होती. माझ्या धर्मात कुंकू नाही, माझ्या हाताला ते नुसती लाल पूड लागेल, दोष कुणाला नाही. मीही तसंच समजलो. फडकं काढलं, काचेपाशी गेलो आणि माझा हात वर होईना.

खोटं कशाला सांगू, मला स्वतःलाच नवल वाटलं. आमच्या घरात नमाज आहे, रोजे आहेत. माझ्या आईनं कधी कुंकू लावलं नाही. पण तिनं मला बोलायला शिकवलं ते मराठीत. शेजारपाजारी कुणी गेलं की ती घरी येऊन हळूच सांगायची, "बिचारीचं कुंकू पुसलं." तेच शब्द मला आता काचेसमोर आठवले. भाषा एक असली की माणसाची भीतीही एकच असते, तिला जात-धर्म नंतर चिकटतात. काचेवर लाल रंगाची चार बोटं होती आणि मागं एक बाई श्वास रोखून उभी होती. ते पुसणारा हात माझा असू नये, असं मला मनापासून वाटलं.

मी फडकं खाली ठेवलं आणि बसून विचार केला. मग माझ्याच धंद्यातली एक गोष्ट माझ्या मदतीला आली. काचेवर तेलकट डाग असेल तर तो पुसायचा नसतोच. पुसला तर पसरतो, सगळी काच धुरकट होते. फडकं सपाट धरून डागावर ठेवायचं, हलकेच दाबायचं आणि सरळ उचलायचं. डाग फडक्यात येतो. पिशवीत वडिलांच्या जुन्या पटक्याची मलमल होती, खास काचेसाठी राखलेली.

"आजी," मी म्हटलं, "मी पुसत नाही. मी टिपून घेतो."

"म्हंजी?"

"पाखरू दाणा टिपतं तसं. दाणा जात नाही, पाखराच्या चोचीत येतो. हे स्वस्तिक काचेवरून फडक्यात येईल. फडकं तुमच्या देव्हाऱ्यात."

म्हातारी सुनेकडे बघायला लागली. सून तिच्याकडे. मग हौसावहिनी म्हणाल्या, "मंग त्ये मीच करती. तुमी फडकं कसं धरायचं त्येवढं दावा."

मी दाखवलं. त्यांनी फडक्याला एक थेंब गोडं तेल लावलं, कारण जुनं तेल नव्या तेलानंच सुटतं. दोन्ही हातांनी फडकं ताणून काचेवर ठेवलं. तळव्यांनी दाबलं आणि तसंच धरून ठेवलं, मी पुरे म्हणेपर्यंत. मग उचललं. मलमलीवर लालभडक स्वस्तिक उमटलं होतं, उलटं, पण पुरं. काचेवर राहिली ती फिकट सावली. ती दुसऱ्या फडक्यानं मी टिपली. त्या वेळी मात्र माझा हात अडला नाही.

त्यांनी ते फडकं चौकोनी घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलं. मी झाकण बसवलं आणि पिन परत घातली, मुद्दाम उलटी. म्हातारीनं लांबूनच हात जोडले. मग उठली, टीव्हीपाशी आली आणि पट्टीला हात लावला.

पट्टी गार होती. म्हातारीनं हात काढला, पुन्हा लावला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी माझ्या कामाचा अभिमान वाटायला हवा होता. कुठला वाटतोय? म्हातारी भिंतीपाशी जाऊन पडली, तोंड भिंतीकडे.

मी निघालो नाही. संध्याकाळी कार्यक्रम सुरू होईपर्यंत ओसरीत बसून राहिलो. वाडीतली पोरंबाळं जमली, बायका आल्या. टीव्ही लावला. चित्र असं स्वच्छ की पोरं ओरडायलाच लागली. बातम्या सांगणाऱ्या गृहस्थांचं कपाळ पहिल्यांदाच मोकळं दिसत होतं.

मी आत जाऊन म्हातारीला म्हटलं, "आजी, जरा या. हात पट्टीला नको, काचेजवळ न्या. टेकवू नका. कोरडा हात."

ती आली ते माझं मन राखायला. काटकुळा हात पुढं केला. काचेजवळ गेल्यावर तिच्या मनगटावरची पांढरी लव उभी राहिली आणि बारीक चटचट झाली. तिनं हात तिथंच धरून ठेवला. मी लगेच म्हटलं, "आजी, ही पण वीजच आहे. फक्त ही मारत नाही."

"व्हय व्हय, ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "ईजच हाय. मी कुटं न्हाई म्हन्लं?" आणि सुनेला म्हणाली, "वाढ गं."

त्या रात्री मी त्यांच्याकडेच जेवलो. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. म्हातारी माझ्या समोर बसून जेवली. मी तिला नेम घालून दिला, पाणी आणि फूल बंद, सकाळी पिन काढायची आणि सुनेनं कोरड्या फडक्यानं काच टिपायची, संध्याकाळी टीव्ही लागला की आजीनं हात धरायचा. ती खरं काय समजली आणि खोटं काय, हे मी आजही सांगू शकत नाही. मी तिला खरं तेच सांगितलं होतं. त्याचं काय करायचं ते तिनं ठरवलं.

त्यानंतर पावसाळा गेला, दसरा गेला. टीव्हीचा काही निरोप आला नाही, म्हणजे टीव्ही नीट होता. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक विसरलं की काम चांगलं झालं असं समजायचं.

पुढं थंडीत एकदा मी दुकान उघडत होतो, तेव्हा हौसावहिनी स्टँडवर दिसल्या. मुळशीच्या गाडीची वाट बघत होत्या, जवळ बाजाराची पिशवी. मला बघून स्वतःच रस्ता ओलांडून आल्या.

"भाऊ, सापाडलं त्ये."

मी कुलूप तसंच लटकतं सोडून वळलो.

"जितं हायेत. कल्यानाकडं. दुसरा संसार हाय तितं. लेकरू बी हाय." त्या हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या, पण पिशवीचे बंद त्यांनी मुठीत पिळून धरले होते. "आमच्यातला एक जन बघून आला. माझी शपथ घालून इचारलं, म्हून सांगितलं त्यानं. जितं हायेत म्हन्ल्यावर मी आदी देवाम्होरं साखर ठिवली. आन् मंग चुलीम्होरं बसून रडले. दोनी एकाच दिशी. माझं मलाच कळंना, साखर कशाची आन् रडू कशाचं."

"साखर बरोबर ठेवलीत वहिनी," मी म्हटलं. "आणि रडलात तेही बरोबर."

त्यांनी मान हलवली. मला म्हातारीची काळजी वाटली. मी विचारलं, "आजींना सांगितलं?"

"सांगितलं तर. त्यांच्यापासनं काय लपवायचं? आईकून घेतलं. सांजंला टीव्ही लावला, मी म्हन्लं आत्या, या, हात धरा. तर न्हाई म्हन्ल्या. तवापासनं टीव्हीला हात न्हाई लावला त्यांनी. म्हन्ल्या, 'जिता हाय का, येवढंच मला पुसायचं व्हतं. पुसून झालं. आता तुज्या कपाळाचं तू बघ, त्ये मला पुसू नगंस.'"

मुळशीची गाडी लागली. कंडक्टरनं घंटी दिली. हौसावहिनी पिशवी उचलून निघाल्या आणि माझी नजर माझ्या नकळत त्यांच्या कपाळाकडे गेली. कुंकू होतं. मोठं, गोल, सकाळीच लावलेलं.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या.

"कुनाच्या नावाचं म्हून इचारू नगा भाऊ," त्या म्हणाल्या. "माझं हाय."